चाळीस टाचण्या

आमची गाडी मेली असं मेकॅनिकने जाहीर केलं तेव्हा आईच्या तोंडात तीन टाचण्या होत्या, त्यामुळे तिला लगेच शोक व्यक्त करता आला नाही.

"सकाळी चालू केली की खडखडते ना? चेन सैल पडलीय," मेकॅनिक म्हणाला. "इंजिन उतरवावं लागेल, काकू. त्यापेक्षा भंगारात द्या."

आईने एकेक टाचणी काढून उशीत खोचली. "चेन सैल पडलीय, की चेन ताणून धरणारा सैल पडलाय?"

मेकॅनिकला अचानक फोन आल्यासारखं झालं. फोन आलेला नव्हता.

आई कपडे शिवते. मशीनवर दोऱ्याचा ताण गेला की टाका सुटायच्या आधी मशीन कुरकुरतं, हे तिला तीस वर्षं माहीत आहे. इंजिनातही तसंच. आत एक चेन असते, ती वरची आणि खालची चक्रं एका तालात फिरवते. तिच्या बाजूला अंगठ्याएवढा स्प्रिंगवाला एक जीव बसून तिला दाबून धरतो. त्याला टेन्शनर म्हणतात. आमच्या घरात हे काम तिघं करतात आणि कुणीच दमत नाही. इंजिनात एकटाच असतो, म्हणून दमतो.

पण मामाने तोवर भंगारवाल्याला रविवारी चारचा शब्द देऊन टाकला होता. मामा शब्द देण्यात फार उदार आहे, कारण पाळायचं काम दुसऱ्यांकडे असतं.

"सोमवारी हॉस्पिटलचे साठ कोट पोचवायचेत," आई म्हणाली. "ते काय डोक्यावरून नेऊ?"

"मी पोचवतो की, ताई."

"तू पोचवायला नेलेले पडदे अजून वाटेत आहेत."

पडद्यांना दोन वर्षं झाली.

खरं तर प्रश्न कोटांचा नव्हता. आई बावन्नाव्या वर्षी गाडी शिकली. तीनदा परीक्षेत नापास झाली. चौथ्यांदा परीक्षक थकला. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी काही काम नसताना गाडी काढते आणि एक फेरी मारून येते. कुठे गेली होतीस विचारलं तर म्हणते, "सरळ." गाडी बंद ठेवल्यापासून त्या वेळेला ती खिडकीशी बसून काज करत होती. एका कोटाला तिने नऊ काजं केली. बटणं पाच होती.

म्हणून मी म्हणालो, "आई, मी बदलतो टेन्शनर."

मला काहीच येत नव्हतं. पण मी व्हिडिओ अकरा वेळा बघितला होता. त्यातल्या माणसाची भाषा मला कळत नाही, तरी त्याचे हात फार स्पष्ट बोलतात.

रविवारी सकाळी बॅटरीची वायर सोडवली, इंजिनाचं वरचं झाकण काढलं, बाजूचं छोटं झाकण काढलं. निघालेले बोल्ट आईने बटणांच्या डब्यांत टाकले आणि वर चिठ्ठ्या लावल्या. चेन आणि चक्रं तेल पुसून कोरडी केली. मग आईने कापडावरच्या खडूने त्यांवर बारीक खुणा केल्या, म्हणजे काही हललं तर कळेल. इंजिनाला बाही लावणार असल्यासारखं दिसत होतं.

जुना टेन्शनर काढला. नवा खोक्यातून बाहेर आला, स्प्रिंग दाबून तारेच्या पिनने अडकवलेला.

"ही पिन शेवटी काढायची," मी मामाला बजावलं. "तो आत बसल्यावर."

"कुठली, ही?" मामाने विचारलं, आणि कुठली ते काढून दाखवलं.

फाट् करून टेन्शनरचा दांडा बाहेर आला. पिन उडून गटारात गेली. मामा शांतपणे म्हणाला, "हो, हीच."

आईने दांडा लोखंडी शिकंज्यात धरून हळूहळू परत दाबला आणि पिनच्या छिद्रात स्वतःच्या उशीतली जाड, गुलाबी डोक्याची टाचणी खोचली. पडद्यांची टाचणी. मामाने दुसरीकडे पाहिलं.

इथे आईच्या टाचण्यांचं सांगायला हवं. त्या चाळीस आहेत. चाळीसच्या चाळीस उशीत परत आल्याशिवाय घरातून कपडा बाहेर जात नाही. पूर्वी एकदा एक टाचणी प्रिन्सिपल साहेबांच्या विजारीत राहिली होती. साहेबांनी स्नेहसंमेलनाचे तीन तास उभ्याने काढले. लोक त्यांच्या नम्रतेबद्दल अजून बोलतात. आई अजून त्यांच्यासमोर जात नाही.

टेन्शनर आत बसवला, दोन बोल्ट आवळले. एवढ्यात फाटकाबाहेर हॉर्न वाजला. साडेतीनलाच भंगारवाला ट्रक घेऊन हजर.

"चालू होत असेल तर ठेवा, काकू," तो म्हणाला. "नसेल तर मला अंधार पडायच्या आत पोचायचंय."

मी घाईघाईत दोन्ही झाकणं बसवली, बॅटरी जोडली आणि हात पुसले. हात पुसताना मला स्वतःबद्दल फार आदर वाटला. मामा किल्ली घेऊन सीटवर बसला.

"थांब," आई म्हणाली. उशी तिच्या मांडीवर होती. "एकोणचाळीस."

"ताई, गाडी आहे ही. सदरा नाही."

"घराबाहेर जाणार आहे ना? मग चाळीस."

भंगारवाल्याने घड्याळ पाहिलं. मामाने किल्लीवर बोटं ठेवली. मी सतरंजीखाली शोधलं, डब्यांत शोधलं, आणि मग मला ते गुलाबी डोकं आठवलं. टाचणी टेन्शनरमध्येच होती, म्हणजे चेन अजून सैल होती. किल्ली फिरवली असती तर चेन चक्रांचे दाते सोडून उडाली असती आणि आतलं सगळं एकमेकांवर आदळलं असतं. गाडी या वेळी खरंच मेली असती, आणि मारेकरी घरचा.

"मामा, हात काढ!" मी ओरडलो. "आई, ती आत राहिलीय. माझ्याकडून."

मी बोलणी खायला तयार होतो. आईने माझ्या हातात पाना दिला.

"सापडली म्हणायची. माझी तर साहेब घेऊन गेले होते."

पुन्हा बॅटरी, पुन्हा दोन्ही झाकणं. टाचणी ओढली. आत टक् झालं आणि चेन ताठ झाली. मघाशी घाईत गाळलेली पायरीही या वेळी केली: इंजिन चालू न करता खालच्या चक्राचा नट पान्याने दोन फेरे फिरवून पाहिला. चक्रांवरच्या खडूच्या खुणा जिथल्या तिथे परत आल्या. झाकणं लावली. आईने टाचणी उशीत खोचली, मामाला सीटवरून उठवलं आणि स्वतः बसली.

इंजिन दोन सेकंद खडखडलं. त्या दोन सेकंदांत मी नोकरी, लग्न आणि देशत्याग अशा तिन्हींचा विचार केला. मग तेल पोचलं आणि ते गप्प झालं. म्हणजे चालू राहून गप्प झालं. मेकॅनिकपेक्षा वेगळ्या पद्धतीने.

आई आरशात बघून हसली. मग तिची नजर भंगारवाल्याच्या पायांकडे गेली.

"अहो, विजारीची पायपट्टी उसवलीय तुमची. ट्रकच्या पायरीत अडकून पडाल एखाद दिवशी."

"असू दे, काकू, निघतो मी."

ती खाली उतरून वाकली होती आणि गुलाबी टाचणी लावूनही झाली होती. भंगारवाला फाटकाकडे वळला. मी वाट अडवली.

"आता नाही जाता येणार," मी म्हणालो. "एकोणचाळीस झाल्या."

मामाने त्याला आतून टॉवेल आणून दिला. पायपट्टी शिवून होईपर्यंत तो टॉवेल गुंडाळून गाडीजवळ उभा राहिला आणि चालू इंजिनाला कान लावून मान डोलवत राहिला. चाळीस पूर्ण झाल्यावर आईने त्याची विजार त्याला दिली आणि सीटवर बसून गाडी काढली.

"कुठे?" मामाने विचारलं.

काच खाली आली.

"सरळ."