दोरा तोडणारा दात

रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर याही खेपेला साडेनऊच निघाली, तेव्हा मोठ्या बाईंनी तपासणीचा कागद चार घड्या घालून बटणांच्या डब्यात कोंबला. मोतीबिंदूच्या डॉक्टरांनी स्पष्ट बजावले होते, की आकडा आठच्या आसपास आल्याखेरीज ते डोळ्याला हात लावणार नाहीत. शस्त्रक्रियेची तारीख दोनदा पुढे गेली होती. आता तिसऱ्यांदा जाणार, हे उघड होते.

बाईंच्या कारखान्यात दवाखान्यांचे पांढरे कोट शिवले जात. चाळीस वर्षे ज्या नजरेने त्यांनी कापडाचा उभा-आडवा धागा दुरून ओळखला, त्या नजरेला आता पांढऱ्यावरची निळ्या खडूची रेघही दिसेना. त्यामुळे महिनाभरापासून कापणीच्या टेबलाशी सूनबाई उभी राहत होती. तिचा हात वाईट नव्हता, आणि बाईंना तेच अधिक झोंबत होते.

"आई, खरं सांगा. काय खाल्लंत?" सूनबाईने कात्री खाली न ठेवताच विचारले.

"तू वाढतेस तेच."

"ताटातलं अर्धं तर टाकता. मग साखर काय हवेतून येते?"

"ते मला नको, तुझ्या डॉक्टरला विचार."

मशीनला तेल घालणारा बाईंचा मुलगा मान वर न करता म्हणाला, "आई, बिस्किटांचा डबा मी वरच्या फळीवर ठेवलाय हं."

"ठेव. तिथे तुझाच हात पोचतो, माझा नाही. डबा रिकामा झाला तर कुणाला धरायचं ते आताच सांगून ठेव."

काज-बटणवाली खुदकन हसली आणि बाईंनी नुसते पाहताच गप्प झाली. ज्यांच्या एका नजरेने बारा मशीन थांबत, त्यांचे स्वतःचे रक्त मात्र त्यांना जुमानत नव्हते. बिनसाखरेचा चहा झाला, गोळ्या झाल्या, सकाळचे फिरणे झाले. सगळे घड्याळाच्या काट्यावर चालले होते आणि सगळ्यावर पाणी पडत होते. वर हा चोरीचा आळ. त्याच दुपारी सूनबाईने त्यांचे खण उपसल्याचे त्यांना कळले. खाऊचा चुरासुद्धा तिला मिळाला नाही. मिळाली ती लवंगेच्या तेलाची बाटली. तिने वास घेऊन ती होती तिथे ठेवून दिली होती.

त्या बाटलीचे कारण बाईंनी कुणालाही सांगितले नव्हते. कारखान्याच्या भिंतीवर त्यांच्याच अक्षरात पाटी होती: 'दोरा दाताने तोडू नये.' हा नियम सर्वांना होता, बाई सोडून. "तुमचे दात तुमचे, माझे दात माझे," असे त्या ऐटीत म्हणत. बहात्तराव्या वर्षी तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात आहेत, हे त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला कधी ना कधी ऐकवलेले होते. पुढच्या दाताची हिरडी सहा-सात महिन्यांपासून सुजली होती. चावताना कळ मस्तकात जाई, म्हणून ताटातले मऊ तेवढेच खाऊन त्या उठत. बत्तीस दातांच्या बाईने हिरडी दुखते म्हणून कोणत्या तोंडाने सांगावे?

दोन दिवसांनी दातांची डॉक्टरीण बटण तुटलेला कोट घेऊन आली. गिऱ्हाईक जुने, त्यामुळे बाईंनी कोट काज-बटणवालीच्या हातून काढून घेतला. बटण लावायला डोळे लागत नाहीत, बोटे पुरतात. त्यांनी बटण लावले, गाठ मारली आणि सवयीने दोरा दातात धरून झटका दिला. पांढऱ्याशुभ्र कोटावर लाल ठिपका उमटला.

"बाई, तोंड उघडा," डॉक्टरीण म्हणाली.

"मी गिऱ्हाइकासमोर तोंड उघडत नसते."

"रोज तर उघडता."

सगळ्या मशीन थांबल्या होत्या. बाईंनी नाइलाजाने आ वासला. डॉक्टरणीने मोबाइलच्या उजेडात पाहिले आणि तिचे हसू मावळले.

"हिरडीत जंतूंनी घर केलंय. पू झालाय. साखर किती असते तुमची?"

"साडेनऊ," सूनबाईच बोलली. "काही केल्या उतरत नाही."

"मग हेही एक कारण असू शकतं. जंतूंशी झगडत राहिलेल्या शरीरात साखर आवरणं कठीण जातं. आणि साखर चढली की जंतूंचं आणखी फावतं. दोघं एकमेकांना धरून असतात."

"म्हणजे दात नीट केला की साखर उतरेल?"

"हमी देणार नाही. काहींची थोडी उतरते. गोळ्या आणि पथ्य सुटत नाही. पण हे असंच ठेवता येणार नाही."

ती गेल्यावर सूनबाई वळली. "कधीपासून दुखतंय?"

"सहा-सात महिने."

"आणि मी तुमचे खण उपसत बसले."

"उपसायला कुणी सांगितलं होतं?"

"तुम्ही एकदा सांगितलं असतंत तर!"

"तू एकदा विश्वास ठेवला असतास तर?"

दोघींपैकी कुणीच माघार घेतली नाही. पण दुसऱ्या दिवशी दातांच्या दवाखान्यात सूनबाईच सोबत गेली, आणि तिथेही ती फुगूनच बसली होती. हिरड्या दोन खेपांत साफ झाल्या. दोरा तोडणारा दात मात्र काढावाच लागला.

तीन महिन्यांनी कागदावर आकडा आला, आठ पूर्णांक दोन. मोतीबिंदूच्या डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिले. "उतरलीय, पण अजून जरा जास्तच. आजी, गोडधोड काही चोरून..."

बाईंनी तोंड उघडण्याआधीच सूनबाई म्हणाली, "त्या चोरून काही खात नाहीत, डॉक्टर. मी सांगते ना. हिरडीचा जंतुसंसर्ग होता, त्यावर उपचार झालेत."

डॉक्टरांनी कागद पुन्हा वाचला, थोडा विचार केला आणि पुढच्या मंगळवारची तारीख लिहिली.

तिथून बाई थेट कारखान्यात आल्या, काज-बटणवालीच्या हातचा कोट ओढून घेतला, बटण लावले, दोरा तोंडाशी नेला आणि झटका दिला. दोरा फटीतून नुसता सटकला. त्यांनी पुन्हा झटका दिला. पुन्हा सटकला.

"ती मेली कात्री कुठे गेली?" त्या कडाडल्या.

"तुमच्याच गळ्यात आहे, आई," कापणीच्या टेबलावरून सूनबाई म्हणाली. "आल्या आल्याच मी ती फितीला बांधून घातली होती."