मऊ कप्प्यांचा अल्बम

काशीरामच्या सत्तरीला त्याच्या बायकोनं, वनमालानं, त्याला नाण्यांचा अल्बम दिला, तेव्हा घाटकोपरच्या त्यांच्या दीड खोलीत म्हातारा गहिवरला. जन्मभर जमवलेली नाणी आजवर चिंध्यांत गुंडाळून ट्रंकेत पडली होती.

दुकानदारानं वनमालाला बजावलं होतं, "काकी, हा मऊ प्लास्टिकचा नका घेऊ. वास येतोय ना? त्यातून जे सुटतं ते नाणी खातं. दोन-तीन वर्षांत हिरवा चिकटा धरतो. हा कडक बघा."

"मऊच द्या," वनमाला म्हणाली.

तिच्या आईनं मरताना तिला राणीछाप तीन रुपये दिले होते. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी काशीरामनं ते न विचारता एका प्रदर्शनात देऊन टाकले आणि बदल्यात एक दुर्मिळ नाणं आणलं. ती रडली, तर तो शेजाऱ्यांसमोर हसला. "अगो, एकसारखे तीन होते. तुका काय कळता त्यातला?"

अल्बम आला आणि वर्षभरात काशीरामच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनचं निघालं की वनमाला म्हणे, "घाई काय आहे? पावसाळा जाऊ दे." असे तीन पावसाळे गेले. तो अल्बम मांडीवर घेऊन नुसता चाचपडत बसे.

"जरा चिकट लागता गो."

"हात घामेजतात तुमचे. सारखे लावू नका."

शेवटी मुलगा सुबोध हट्टाला पेटला आणि ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर काशीरामनं आधी अल्बम उघडला. पानापानावर हिरवा चिकटा. तसाच तो अल्बमवर छाप असलेल्या दुकानात गेला.

दुकानदारानं भिंगातून पाहून मान हलवली. "सुरुवातीला आणली असती, तर अ‍ॅसिटोननं निघालं असतं. आता धातूच खाल्लाय. काकींना मी तेव्हाच सांगितलं होतं."

घरी येऊन काशीराम दारातच उभा राहिला. "तुका ठावक होता?"

"पहिल्या दिवसापासून."

तो ओरडेल, हात उगारेल म्हणून ती तयारीत होती. पण त्यानं बारीक आवाजात विचारलं, "आणि ऑपरेशन? ता पण तूच लांबवलंस?"

"हो."

काशीराम मटकन खाली बसला आणि दोन्ही तळव्यांनी डोळे झाकून हुंदके देऊ लागला. आपल्याला बरं वाटेल, असं वनमालाला इतकी वर्षं वाटत होतं. वाटलंही. तिनं फळीवरून औषधाची बाटली काढली.

"हात काढा," ती म्हणाली. "थेंब घालायची वेळ झाली."