‘टेक’चा तास
बाईंचा ‘टेक’चा तास म्हणजे वर्गात नुसता धुमाकूळ. हे इंग्रजी क्रियापद बारा गावचं पाणी प्यालेलं आहे, असं त्या म्हणत आणि त्याचा एकही अर्थ फळ्यावर लिहीत नसत, करून दाखवत. खोटी गोळी गिळत, पोरांचा हवेतच फोटो काढत, पळत जाऊन नसलेली बस पकडत. पोरं हसून बेजार, पण अर्थ जन्मभर डोक्यात बसलेले.

निवृत्तीनंतर मेंदूत गुठळी झाली. जीव वाचला, वाचा गेली. बाई वरच्या खोलीत खिडकीशी बसून राहू लागल्या. खाली दुकानात त्यांचा नवरा, शिंपी. पाय मशीनवर, कान जिन्याकडे. संसारभर त्या जिन्यावरून हाक यायची, “अहो, जेवायला येताय, की कापडच खाणार?” आता तेवढं एक ‘अहो’ कानी पडावं, म्हणून माणूस देवापुढे झोळी पसरून बसला होता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं असेल, ते रोज त्यांच्यासमोर करा.”

“मग ‘टेक’च,” लेक म्हणाली. “पण बाबा, तुमचं इंग्रजी...”

“कॉलर, कफ, झिप. येतं की!”

लेकीनं वाक्यं घोकून घेतली. रोज दुपारी शिंपी बायकोसमोर उभा राही, टेप लावून खुर्चीचं माप घेई, फोटो काढी, बस पकडी. बाई ढुंकून बघत नसत.

एका दुपारी गिऱ्हाइकाशी वाजलं होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं. बाईंपुढे गोळी धरून तो म्हणाला, “ईट मेडिसिन.”

बाईंची मान वळली. बोट वर झालं.

“टेक,” त्या म्हणाल्या. “टेक मेडिसिन.”

शिंप्याच्या हातून पाण्याचा पेला निसटला. घाईघाईनं तो म्हणाला, “कॅच फोटो?”

“टेक!”

“रन बस?”

बाईंनी कपाळावर हात मारला. “टेक, टेक! अरे, लक्ष कुठंय तुझं?”

दारात उभ्या लेकीला हुंदका आवरेना. शिंप्यानं वर बघून हात जोडले, आणि मग ते ‘अरे’ हळूहळू आत उतरलं.

“अगं, मला ओळखलंस का?”

“नवीन आलास ना?” बाई मायेनं म्हणाल्या. “घाबरू नकोस, येईल हळूहळू.”

“अगं, मी तुझा...”

बाईंचे डोळे गोंधळले. ओठ हलले, पण शब्द फुटेना. नजर पुन्हा खिडकीकडे निघाली. शिंप्याला कळून चुकलं. नवरा म्हणून उभं राहावं तर बाई मुक्या, विद्यार्थी म्हणून बसावं तर बोलत्या. देवानं दिलं होतं, पण आपल्याच टेपनं मोजून दिलं होतं.

त्यानं कोपऱ्यातलं बुटकं स्टूल ओढलं आणि तो खाली बसला.

“चुकलं, बाई.”

नजर खिडकीवरून परत आली. बोट पुन्हा वर झालं.

“बाबा,” लेक कळवळून म्हणाली, “ओळखेल ती, आज ना उद्या.”

“बोलू नकोस गं, तास चाललाय,” तो मागे न बघता म्हणाला आणि पुढचं चुकीचं वाक्य जुळवू लागला.