वर्ध्याचा ओलावामापक

मित्रांनो, मला पाहून हे यंत्र आहे असे कुणालाही वाटणार नाही. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यावर एक काटा आणि तारेने जोडलेले दोन पितळी खिळे, एवढाच माझा देह. पण कापसात ओलावा किती आहे, हे मी सांगतो. १९७७ साली वर्ध्याच्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मला जवळच्या आंजी गावच्या कोकिळा भोयर यांनी घडवले.

कोकिळाताई बी.एस्सी. झाल्या होत्या आणि मोतीलाल शेठजींच्या दुकानात रेडिओ दुरुस्त करत. त्या हंगामात त्यांचे वडील रूपराव बैलबंडीभर कापूस घेऊन वर्ध्याच्या बाजारात आले, तेव्हा ताईही तिथे गेल्या. अण्णाजी नावाचे ग्रेडर वीस वर्षांपासून तिथे कापूस पारखत. त्यांनी मूठभर कापूस दाबला, "ओला हाये," म्हणाले आणि प्रत उतरवली, म्हणजे भावही उतरला.

"किती ओला हाये, काकाजी?" ताईंनी विचारले.

अण्णाजी हसले. "किती काय वं पोरी? हाताले समजते थे."

रूपरावांनी त्या उतरलेल्या भावातच कापूस दिला. ताईंना मात्र तो प्रश्न स्वस्थ बसू देईना.

ओल्या कापसातून वीज थोडी जास्त वाहते आणि कोरड्यातून कमी, हे त्या कॉलेजात शिकल्या होत्या. मोडक्या रेडिओंचे सुटे भाग जोडून त्यांनी मला तयार केले. माझा काटा पहिल्यांदा हलला, तेव्हा शेठजी चहाची कपबशी हातात धरून नुसते पाहत राहिले.

पण बाजारात माझी पार फजिती झाली. ताईंनी एकाच ढिगात मला तीनदा खुपसले. मी आधी सात टक्के ओलावा दाखवला, मग अकरा, मग नऊ.

"हे यंत्र हाये का पोपटवाला जोशी?" कुणीतरी ओरडले. सगळा बाजार हसला. मला तर काटा कुठे लपवावा ते कळेना.

दुकानात परतल्यावर शेठजी म्हणाले, "बेटा, छोड दे. आपले रेडिओच बरे."

"शेठजी, काटा खोटं नाई बोलून राह्यला," ताई म्हणाल्या. "माह्यंच काही चुकून राह्यलं."

चार महिने त्या मला उघडत आणि पुन्हा जोडत राहिल्या. एका रविवारी आंजीला घरी त्यांच्या आई, आनंदाबाई, उशा भरत होत्या. कापूस तोच, पण एक उशी गच्च झाली आणि दुसरी भुसभुशीत. ताई उशा चेपून पाहू लागल्या आणि एकदम उठून उभ्या राहिल्या. सैल कापसात माझ्या खिळ्यांना कापसापेक्षा हवाच जास्त लागत होती! मग त्यांनी माझ्यासाठी एक डबी केली. दरवेळी तेवढाच कापूस तिच्यात घालायचा आणि वरून तेच दोन किलोचे वजन ठेवायचे. माझे उत्तर आता डळमळेना.

पुढच्या हंगामात ताई मला घेऊन पुन्हा त्याच बाजारात उभ्या राहिल्या. पाच ढीग अण्णाजींनी स्वतः निवडले आणि हाताने पारखले, मग ते मी मोजले. प्रत्येकातला थोडा कापूस ताईंच्या कॉलेजचे प्राध्यापक वासुदेवराव घेऊन गेले. त्यांनी तो तोलला, वाळवला आणि पुन्हा तोलला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपले आकडे वाचले. पाचही ढिगांत माझे उत्तर त्यांच्या उत्तराशी जुळले. चौथा ढीग अण्णाजींनी ओला ठरवला होता. तो कोरडा निघाला.

अण्णाजी पुढे आले, आपल्या तळहाताकडे पाहिले आणि मोठ्याने म्हणाले, "माह्या हाताले ओला समजते. किती ओला, थे आजपावतर समजलं नवतं. पोरी, मले शिकवजो हे."

त्या क्षणी रूपरावांनी डोक्यावरची टोपी हवेत उडवली!

पुढे ताईंनी एका शेडमध्ये कारखाना काढला. गावागावांतल्या मुली तिथे यंत्रे जोडू लागल्या. माझी नवी भावंडे देखणी होती, म्हणून मी कपाटात गेलो. धूळ साचली, एक खिळा गंजला. एकदा जयवंताने, तिथल्या एका कामगार मुलीने, मला भंगारात टाकले. ताईंनी स्वतः मला बाहेर काढले, पुसले आणि आपल्या टेबलावर ठेवले.

म्हणूनच १९८६ सालचा तो दिवस मला पाहता आला. परदेशातून दोनशे यंत्रांची मागणी आली होती. खोकी भरून तयार होती. शेठजी म्हणाले, "बेटा, खोक्यावर बंबई लिही. वर्धा कोणाले ठाऊक हाये?"

"आज नसंन ठाऊक," ताई म्हणाल्या. "काऊन लपवाचं? जयवंता, वर्धाच लिही. मोठ्या अक्षरात!"

जयवंताने कुंचला रंगात बुडवला.

मित्रांनो, तुमच्या हातून पहिल्यांदा जे घडेल, ते बहुधा माझ्यासारखेच वेडेवाकडे असेल. लोक हसतील. तेवढ्यासाठी ते फेकू नका. जपून ठेवा, कुठे चुकले ते शोधा, आणि ते साधले की त्यावर आपल्या गावाचे नाव लिहायला लाजू नका.