फितीची दोन टोकं

“बाई, ह्या चड्डीत मी आणि माझी बहीण, दोघी मावू!” टोळ दारातूनच ओरडली.

“मग जोडीनं धावा. पहिल्या तरी याल,” शिवणबाई म्हणाल्या. “इकडे ये. नाडी आत गेलीय, दिसत नाही? माझ्या तासाला शिवण शिकतेस की माशा मारतेस?”

मुलींमध्ये हशा पिकला. टोळ नववीतली. अंगात सगळे पायच, म्हणून साऱ्या शाळेने तिला हे नाव ठेवले होते. बाईंनी पिनेने नाडी बाहेर काढली, गाठ मारली आणि पाठीत थाप देऊन तिला नि बाकीच्यांना मैदानाकडे पिटाळले.

खोली एकदम रिकामी झाली. पलीकडच्या सुतारकामाच्या वर्गातून हातोडीचे ठोके येत होते. अडथळ्यांच्या शर्यतीचे अडथळे तिथलीच मुले बनवत, आणि एखादा आयत्या वेळी हमखास खिळखिळा व्हायचा. शेतीच्या वर्गाने मैदानावर पाणी मारून माती दाबली होती, पांढऱ्या फक्कीच्या रेघा आखल्या होत्या. त्या शाळेचा क्रीडादिन असा सगळ्यांच्या हातचा असे.

शिवणबाईंच्या हातची होती ती लाल फीत, शर्यतीच्या शेवटी आडवी धरायची. फार वर्षांपूर्वी अशाच एका फितीने एका मुलीची मान सोलवटली होती. तेव्हापासून बाई ती दोन तुकड्यांची करत आणि मधोमध हाताने दोनच कच्चे टाके घालत. मुलगी छातीने भिडली की टाके अलगद तुटत आणि दोन्ही तुकडे दोन बाजूंना फडफडत जात. एक टोक बाईंच्या हातात, दुसरे खेळाच्या सरांच्या. क्रीडादिनाच्या सकाळी सर खोलीच्या दारात उभे राहून एक टोक धरत, बाई आत टेबलापाशी दुसरे. “ओढा,” सर म्हणत. टच् असा आवाज आला की, “पास!” मग बाई पुन्हा टाके घालत.

वर्षभरात त्यांच्यात झाले तर एवढेच. एरवी नमस्कार, हजेरी, चहाचा कप. सरांची बायको मुलगा लहान असतानाच गेली होती. बाईंचे लग्नाचे वय अंथरुणाला खिळलेल्या आईच्या उशाशी सरले. पूर्वी लोक दोघांबद्दल काहीबाही बोलत. मग बोलण्यासारखे काही घडेचना, तेव्हा बिचारे कंटाळले. आता आईही राहिली नव्हती. आणि सर निवृत्त होऊन मुलाकडे, शहरात चालले होते.

यंदाचे टाके घालून झाले होते, पण फितीची कड विरली होती, म्हणून बाईंनी ती मशीनवर घेतली. तेवढ्यात दारात सावली पडली.

“येऊ का?”

“या ना, सर.”

सर आत आले नाहीत. नेहमीसारखे चौकटीला टेकून उभे राहिले. “संध्याकाळच्या गाडीनं निघतोय. बक्षिसं वाटली की लगेच.”

“आणि सामान?”

“दोन पिशव्या. पोरगा म्हणतो, इथं सगळं आहे, तुम्ही फक्त या.”

“मग चांगलंय की.”

“हो, चांगलंच.” सरांनी गळ्यातली शिट्टी उगाच पुसली. “बाल्कनीसुद्धा आहे म्हणे. तिथं बसायचं. मी म्हटलं, बसून काय करू रे?”

बाईंना हसू आले नाही. आठ दिवस त्या मनात एकच वाक्य घोळवत होत्या. सर, राहा ना इथंच. शाळा सुटली तरी मैदान कुठे पळून जाते? पण मशीन थांबली तर खोली गप्प होईल, आणि गप्प खोलीत ते वाक्य तोंडातून बाहेर पडेल. या धास्तीने त्यांनी पाय थांबवलाच नाही. मान खाली घालून त्या शिवत राहिल्या. फीत सुईखालून सरकत राहिली, कडेवरून, मधून, पुन्हा मागे.

“ओढून बघायची ना फीत?” सरांनी विचारले.

बाईंनी मान वर केली, तोच मैदानावरून हाक आली, “सर, पोरांनी फक्की पुसली सगळी!”

“आलो रे, गाढवांनो! बाई, यंदा न बघताच पास.” आणि ते गेले.

मुलींची शेवटची शर्यत दुपारी लागली. पलीकडच्या टोकाला सर, अलीकडे बाई, मध्ये लाल फीत. पांढऱ्या रेघांच्या मधून मुली सुटल्या आणि वळणावर टोळ सगळ्यांच्या पुढे आली.

“टोळ! टोळ! उडव ग!”

टोळ डोळे मिटून फितीवर आदळली. फीत तुटली नाही.

ती तशीच छातीवर घेऊन टोळ पुढे धावत सुटली. सर ओढले गेले, बाई ओढल्या गेल्या. एकीकडून पांढरे बूट, दुसरीकडून साडीच्या निऱ्या सावरणारा हात.

“सोडा बाई, पडाल!” सर ओरडले.

“तुम्ही सोडा आधी!”

कोणीच सोडले नाही. टोळ थांबली, तेव्हा तिच्या पाठीमागे दोघे समोरासमोर येऊन ठेपले होते, हातभर अंतरावर, धापा टाकत. सरांच्या भुवईवर एक जुना वण होता. बाईंना तो आजवर कधी दिसला नव्हता.

“बाई, मला पार्सल केलंत की!” टोळ म्हणाली आणि सगळे मैदान हसले.

बाईंनी आधी तिची मान पाहिली. धड होती. मग फितीचा मधला भाग बोटांनी चाचपला. कच्च्या टाक्यांवरून बारीक, घट्ट, दुहेरी शिवण.

“मशीन मारली गेली,” त्या पुटपुटल्या. “लक्ष नव्हतं माझं.”

सर फितीकडे बघत राहिले, मग बाईंकडे.

“सर, फोटो! चला लवकर!”

सरांनी आपले टोक नीट गुंडाळत आणले आणि बाईंच्या तळहातावर ठेवले. “असू दे, बाई. एखाद्या वर्षी नाही तुटली तर नाही,” एवढेच म्हणाले, आणि फोटोकडे गेले.

संध्याकाळी शाळा सामसूम झाली. मैदानावरची फक्की वाऱ्याने फिकट होत होती. रस्त्याच्या वळणावर गाडीचा हॉर्न वाजला, तेव्हा बाई शिवण उसवत होत्या, एकेक टाका, कापड न फाडता. दोरा निघाला, पण सुईची भोके ओळीने तशीच राहिली. पुढच्या वर्षी खेळाला कोणीतरी नवे येईल. मुली तर धावणारच.

त्यांनी मधोमध दोन कच्चे टाके घातले आणि सवयीने दाराकडे पाहिले. मग उठल्या, एक टोक दाराच्या कडीला बांधले, दुसरे हातात घेऊन टेबलापाशी आल्या.

“ओढा,” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

टच् झाले. कडीला अर्धी फीत लोंबत राहिली.