दुकानाबाहेरचा सूर

शनिवारी संध्याकाळी बाबा आणि मी घडियाळी पोळ या जुन्या, अरुंद गल्लीतल्या मयंकभाईंच्या दुकानात माझ्यासाठी सॅक्सोफोन निवडायला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा झोपेतून उठलेच नाहीत, म्हणून त्या शनिवारचा तास न् तास मला आठवतो. तेव्हा तो साधाच होता. मयंकभाईंच्या चहात आलं कमी आहे, अशी बाबांनी तक्रार केली होती.

काउंटरवर दोन सॅक्सोफोन होते. एक जुना, झिलई उडालेला. दुसरा नवा, चकचकीत. बाबांनी खिशातून स्वतःचा माउथपीस काढून आधी जुन्याला लावला, मग नव्याला. "माउथपीस बदलला की आवाज बदलतो. मग तुलना कसली?" मला पाठ फिरवून उभं केलं आणि दोन्हींवर तोच खालचा सूर लांबवर धरला. पहिला मऊ, भरीव. दुसऱ्याला धार, आणि तो किंचित नाकातला.

"पहिला," मी म्हणाले. "गोड आहे."

"दुकानात सगळेच गोड बोलतात, संयू. बाहेर नेऊन बघ. ढोलापुढे हा ऐकूही येणार नाही."

"मला कुठे रस्त्यावर वाजवायचंय?"

बाबा हसले नाहीत. "मग उद्या ठरव," म्हणाले.

बाबा रेल्वेत कारकून होते आणि लग्नसराईत बँडमध्ये वाजवत. आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. घरात त्यांच्याबद्दल बोललं जाई, बँडबद्दल नाही. बँडचाच सॅक्सोफोन कारेलीबागच्या आमच्या फ्लॅटमध्ये आणून, त्यात टॉवेल कोंबून, बाबांनी मला शिकवलं. मी सातवीत असताना एका वरातीत लाल कोटातल्या बाबांकडे बोट दाखवून मैत्रिणीनं विचारलं, "हे तुझे बाबा ना?" मी नाही म्हणाले. त्यांनी ऐकलं असावं. पुढेही कुणी विचारलं की मी 'रेल्वेत आहेत' एवढंच सांगत आले.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकानात निघाले, तेव्हा समरजितकाका दारात उभे राहिले. "वर्षभर या घरात वाद्य वाजणार नाही."

"घरात नाहीच वाजवणार, काका."

ते चपला घालून मागोमाग आले.

मयंकभाईंनी दोन्ही सॅक्सोफोन काढून ठेवले. बाबांचा माउथपीस लावून मी जुन्यावर सूर धरला. दुकानभर तो शांतपणे पसरला. काकांचा चेहरा सैल झाला. "घ्यायचाच हट्ट असेल तर हा घे. शेजाऱ्यांनासुद्धा कळणार नाही."

शनिवारी माझ्याही मनात नेमकं हेच होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते फार हलकं वाटलं.

मी दोन्ही घेऊन ओट्यावर आले. पोळात स्कूटर अडकल्या होत्या, हॉर्न चालू होते. जुन्याचा सूर समोरच्या घरापर्यंतही पोचला नाही. मग नवा. पहिल्यांदा तो फाटला. एक स्कूटरवाला हसला. मी श्वास घेतला आणि पुन्हा धरला. या वेळी तो हॉर्नच्या वरून गेला आणि समोरच्या गॅलरीवर आदळला. गोड नव्हता. होता मात्र.

"संयोगिता, पुरे. लोक बघताहेत."

"बघू देत." मयंकभाईंना मी म्हणाले, "हा द्या."

गॅलरीतून एक बाई वाकल्या. "बेन, कोनां लग्न छे?"

"कोईनां नहीं, कोईनां नहीं," काका घाईने म्हणाले. "फक्त टेस्टिंग छे."

"लग्न नाही, बेन," मी मराठीतच, मोठ्यानं म्हणाले. "माझे बाबा लग्नात सॅक्सोफोन वाजवायचे. लाल कोट घालून. उदयसिंहराव. ते माझे बाबा होते."