एकदा उकरलेली माती

रानाच्या कोपऱ्यात शेततळ्यासाठी जेसीबी येणार होता आणि माझी पोरगी त्याच कोपऱ्यात नेमकी कुठे पुरलीय, हे मला नऊ वर्षं ठाऊक नव्हतं. जन्मली ती गेलेलीच. मी बाजेवर पडलेली. सासरे एकटेच तिला फडक्यात घेऊन रानात गेले. बायकांनी विचारायचं नाही आणि पुरुषांनी सांगायचं नाही, असली आमच्या घरची तऱ्हा. "लिंबाच्या अंगाला" एवढंच एकदा त्यांच्या तोंडून निसटलं होतं. गेल्या वर्षी तेही वारले.

"समदं एकच काळं रान. शोधणार कशी?" माझा नवरा शिवराज म्हणाला. माणूस वाईट नाही, पण कुठलीही गोष्ट एकदाची मिटली की त्याला बरं वाटतं.

"हातानं. सापडली तर तळं सरकवायचं. न्हाय सापडली तर मी तोंड उघडणार न्हाय."

"तू? आन तोंड उघडणार न्हाय?" तो हसला. मला हसू आलं नाही.

आमच्या रानात वर हातभर काळी, खाली मुरूम. खड्डा घेतला की मुरूम वर येतो, बुजवताना काळीत मिसळतो आणि मग कधी वेगळा होत नाही. लिंबापासून बांधापर्यंत तर नांगरही फिरत नाही.

पाण्याची बाटली घेऊन मी लिंबापासून बांधाकडे गुडघ्यांवर सरकत निघाले. ढेकूळ फोडायचं, पाणी शिंपडायचं, बोटांत चोळायचं. उन्हाळ्यात काळीच्या ढेकळाच्या कडा बोटं कापतात. पाणी लागलं की तीच माती लोण्यासारखी होते आणि नखांत अशी बसते की निघता निघत नाही. एका जागी चुनखडीचा खडा लागला, चिमटीत भुगा झाला. बाकी काळीच. पुन्हा काळी. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, लिंबाखाली बसून नुसत्या बघत होत्या. एक ढेकूळ उचलायला हात पुढे आला नाही. इतका राग आला मला त्यांचा!

बांधाच्या अलीकडे माती बोटांत किरकिरली. पुन्हा चोळली. लोणी नव्हतं, पिठात वाळू गेल्यासारखी खरखर होती. खाली उकरलं, तिथेही काळीत मुरूम मिसळलेला. मला रडूच फुटलं.

"सापडली! अवो, सापडली माझी बाय!"

शिवराज जेसीबीवाल्याला वाट दाखवायला रस्त्याकडे गेला होता. आल्या त्या आत्या. खाली बसल्या, माती चिमटीत घेतली आणि मान हलवली.

"ही तुझी न्हाय, सुकन्या."

"मग कुणाची?"

"माझ्या पयल्याची. शिवराजच्या आधीचा." त्यांनी पलीकडे बोट केलं. "तुझी तितं. त्याच्या शेजारी ठिवली ह्यांनी. मला सांगून."

मी तिथे हात घातला. तीच खरखर.

"नऊ वर्षं ठावं हुतं तुमाला? आन आज बी गप बसलात? मशीन फिरलं असतं म्हंजी?"

"साकु," त्या म्हणाल्या. पुरे. फार झालं की त्या माहेरच्या कन्नडवर येतात. "शेरडं चारायच्या निमतानं मी रोज येती हितं. शिवराज मोठा झाला, तुमची पोरं बी वाढली, तरी येती. तुला सांगितलं असतं, तर तू बी येत बसली असतीस." त्यांचा आवाज भरून आला. "वाटलं, पाण्याखाली गेलं म्हंजी तू सुटशील. मी बी सुटंन."

 त्यांनी माझा हात धरला होता, दोघींच्या बोटांना मातीच माती. मला त्यांची कीव आली आणि रागही गेला नाही.

जेसीबी बांधावर चढला. पुढे शिवराज होता.

"सापडली का गं? किती सरकवायचं?"

"दोघांपुरतं."

"दोघं? दुसरं कोण?"

आत्यांनी माझा हात दाबला, सांगू नको म्हणून.

"तुमच्या आईला विचारा," मी म्हणाले.